माझ्या सहीला गुण नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

भिंगरीने शाळेतून कागद आणला. माझ्या ताटाशेजारीच ठेवला. "बाबा, सही. शुक्रवारपर्यंत द्यायचाय."

वाचला. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शाळेतच लस देणार. मोठेपणी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. खाली चौकट – संमती आहे, संमती नाही. त्याखाली पालकाची सही.

दोन वर्षं या आजाराचं नाव मी घरात उच्चारलेलं नाही. आज ते माझ्या पाण्याच्या ग्लासाला टेकून उभं होतं!

"बघतो," म्हटलं. घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर काचा घासल्या. चाक फिरत असतं, त्यावर पाण्याची बारीक धार, काच हळूहळू फ्रेमच्या आकाराची होत जाते – अशा वेळी माणूस जागा असतो की झोपेत, सांगता येत नाही. समोरच्या रस्त्यावरून लोक पाण्याखालून चालल्यासारखे जात होते. एक बाई दारात केव्हाची उभी होती म्हणे. "अहो, चष्मा घ्यायचाय. की तुम्हालाच लावायचाय?" म्हणाली.

घरी आल्यावर भिंगरीने विचारलं, "केली?"

"विसरलो गं."

खोटं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शेवटचा दिवस होता. कागद दिला नाही.

इथे कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकतो. मला सहीची भीती वाटते. दुकानात पावत्यांवर फराटे मारतो ते वेगळं. 'संमती' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथली सही.

हिच्या, भिंगरीच्या आईच्या, पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मीच केली. लवकर सापडलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. सापडलं नव्हतं. पुन्हा पोट उघडलं तेव्हाही मीच. मग ते औषध, ज्याने केस गेले, तोंड आलं, पाणीसुद्धा झोंबायचं – तिथेही खाली माझंच नाव. शेवटी घरी घेऊन येताना 'स्वतःच्या जबाबदारीवर'. प्रत्येक वेळी ती कॉटवरून माझ्याकडे बघायची आणि मी पेन टेकवायचो. प्रत्येक सहीनंतर ती थोडी थोडी कमी झाली.

एखाद्याच्या हाताला गुण असतो म्हणतात. माझ्या सहीला नाही.

आणि आता या कागदावर वर नाव कुणाचं आहे? पोरीचं!

शनिवार, ८ फेब्रुवारी

ताई आली होती. आल्या आल्या भाचीच्या वेणीवरून मला बोलणी. मग भिंगरीने आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं असणार, कारण ताईने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"काय रे, लस वाईट आहे असं वाटतं का तुला?"

"नाही."

"मग?"

मी कपाखाली सांडलेला चहा पुसायला लागलो.

"आण इकडे तो कागद, मी करते सही. आत्या म्हणजे काय परकी?"

"पालक लिहिलंय, ताई."

"मग हो की पालक! घोड्याएवढा झालास, पेन उचलायला घाबरतोस?"

भिंगरी हसली. मीही हसलो. ताई नाही हसली. जाताना दारात माझा दंड दाबला, लहानपणी दाबायची तसा, आणि चप्पल घालण्यात फार वेळ लावला.

सोमवार, १० फेब्रुवारी

शाळेत पालकांची सभा. मुलांच्या बाकांवर आम्ही थोराड माणसं, गुडघे हनुवटीला लागलेले. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती. मी तिच्याकडेच बघत होतो. आवाज लांबून येत होते.

पुढच्या बाकावरची आई म्हणाली, "आत्ता कुठे बारा वर्षांची आहे हो. आत्तापासून कशाला हे?"

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई शांत होत्या. "पुढे कधीतरी तो संसर्ग होऊ शकतो. तो व्हायच्या आधी दिली तर उपयोग जास्त, म्हणून."

मागून कुणीतरी – "नंतर मूल होत नाही म्हणे."

"तसं काही आढळलेलं नाही. दंड दुखतो, एखादीला ताप येतो, चक्कर येते. म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतो. कसली ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा. आणि पटत नसेल तर 'नाही'वर खूण करा. जबरदस्ती नाही."

सगळ्यांचे प्रश्न विचारण्यासारखे होते. माझा एकट्याचा नव्हता. काय विचारणार? बाई, लस चांगली आहे, पण सही करणारा चांगला नसला तर?

नर्सबाईंचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. सभा संपल्यावर मला राहवेना. खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, दांड्या आवळून दिल्या. "अरे वा! जग सरळ झालं," म्हणाल्या. वर्गशिक्षिका शेजारीच होत्या. "तुमचा कागद राहिलाय," हळूच म्हणाल्या. "उद्या आहे हं."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज टोचलं. आमचा कागद चष्म्याच्या घरातच.

भिंगरी घरी आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले. वर्गातल्या बाकीच्या मुली रांगेने खाली गेल्या, दंड धरून हसत-रडत परत आल्या. भिंगरी आणि आणखी दोघी वर्गात बसून राहिल्या. फळ्यावरचं गणित तिने म्हणे चार वेळा वहीत उतरवलं.

"बाईंनी विचारलं, तुमच्या घरी विरोध आहे का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विरोध नाहीये. उशीर आहे."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि उगाचच नळ सोडून उभा राहिलो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तीन ग्राहक. तिन्ही चष्मे चुकीच्या डब्यांत घातले!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी खुर्चीतच डोळा लागला. ही समोर बसली होती, नंबर तपासायच्या त्या जड फ्रेममध्ये, नाक मुरडत. मी एकेक काच बदलत होतो. "हे बरं, की ते?" तिचं आपलं, "थांब... नाही... पुन्हा दाखव." डोक्यावर सगळे केस होते. बाहेर दुपार इतकी पांढरी की रस्ता दिसत नव्हता. "हे बरं की ते?" ती म्हणाली, "दोन्हींत तू सारखाच दिसतोस रे. घाबरट."

जागा झालो तर नर्सबाई समोर. नवीन काचांसाठी आल्या होत्या. सभेतल्यापेक्षा लहान दिसत होत्या, थकलेल्या.

नंबर तपासून झाला. मग, का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं सगळं. ऑपरेशनं, कागद, सगळं. माझं घरचं माणूसही इतकं ऐकून घेणार नाही. त्या फ्रेम डोळ्यांवर ठेवूनच ऐकत होत्या. एका डोळ्यावर काच, दुसऱ्यावर काळी झापड!

"त्या आजाराने गेल्या. सह्यांनी नाही," म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"माहीत असून काही उपयोग नसतो, तेही खरं." झापड काढून माझ्या हातात दिली. "मी हजारांनी टोचलंय. माझ्या पोरीच्या वेळी हात थरथरायला लागला. सिरिंज दुसरीच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तुम्हीही भीत भीतच करा. भीती जायची वाट बघत बसू नका."

राहिलेल्या मुलींसाठी पुढच्या मंगळवारी केंद्रात सोय आहे म्हणे.

रविवार, १६ फेब्रुवारी

गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. वारा होता. ओल्या चादरीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भिंगरी. तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसती सावली. म्हणूनच बोलू शकलो.

"आईला काय झालं होतं, तुला नीट सांगितलं नाही मी कधी."

सावली थांबली.

"पोटाचं म्हणायचो. पण ही लस ज्या आजारावर आहे ना, तो होता. तोच."

चादर फुगली, बसली. चिमटा लावल्याचा आवाज आला.

"आईला लहानपणी ही लस मिळाली असती तर?"

"तेव्हा नव्हतीच गं."

"मग तिच्या बाबांना सही करावी लागली नसेल," ती म्हणाली. अगदी साधं, हिशेब सांगावा तसं. मग चादरीखालून वाकून इकडे आली, चिमट्यांची टोपली माझ्या हातात दिली आणि माझ्या छातीला डोकं लावून उभी राहिली. किती वेळ, माहीत नाही. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. सगळं शहर चादरीसारखं हलत होतं, मऊ, पांढरं.

ही तिला भिंगरी म्हणायची. भिंगवाल्याच्या घरी दुसरं काय होणार, म्हणायची. एका जागी ठरत नाही पोर. आज ठरली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी केली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून, उभ्या उभ्याच. पहिलं अक्षर दुसऱ्या कुणाचं वाटतंय. भिंगरी दूध पीत बघत होती. ओठांवरची साय पुसायला विसरली.

कागद दुकानात घेऊन गेलो. दहा वेळा उघडून बघितला. सही पळून जाईल की काय!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दुकान बंद ठेवलं. केंद्रातला व्हरांडा लांबलचक, फिनेलचा वास. त्या वासाबरोबर माझे पाय तिथेच अडकले. पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी असाच व्हरांडा. भिंगरीने माझं बोट धरलं. सात-आठ वर्षांची असल्यापासून धरलं नव्हतं.

नर्सबाईंनी तिला आत नेलं. दार लावलं. बोलण्याचे हळू आवाज येत राहिले, अपेक्षेपेक्षा जास्त वेळ. मी भिंतीवरच्या रंगाचे पोपडे बघत होतो. एक बेटासारखा, एक माशासारखा.

दार उघडलं. दंडावर कापूस, तोंडावर हसू. नर्सबाई माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होत्या. "अर्धा तास बसा इथेच," एवढंच म्हणाल्या.

बसलो. माझं सगळं लक्ष तिच्या श्वासाकडे. दहा मिनिटं. वीस. ती पाय हलवत समोरच्या बाळाला वेडावून दाखवत होती. अर्धा तास झाला आणि काहीच झालं नाही. काहीच न होणं इतकं सुंदर असतं!

दुपारी तिचं अंग थोडं कोमट लागलं. झोपली. मी उशाशी बसून राहिलो. पडद्यातून ऊन तिच्या कपाळावर येई-जाई. मधेच डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, काचा घासायला जा ना. मी बरी आहे."

गेलो नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताप नाही. दंड दुखतो म्हणून दप्तर मला उचलायला लावलं, आणि फाटकापासून मैत्रिणींकडे पळत गेली!

गुरुवार, २० फेब्रुवारी

नर्सबाई कार्ड घेऊन दुकानात आल्या. भिंगरीने आत काहीतरी सांगितलं होतं, म्हणून जुनं रजिस्टर शोधून काढलं, म्हणाल्या. कार्डावर मंगळवारची तारीख 'दुसरा डोस'समोर आहे. पहिला अडीच वर्षांपूर्वीचा, त्याच केंद्रात. हिच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या आठ दिवस आधी. रजिस्टरमध्ये पालकाची सही हिची. "उशीर झाला तरी पहिला वाया जात नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पूर्ण झालं."

संध्याकाळी भिंगरीला विचारलं. म्हणाली, "आईने सांगितलं होतं, बाबांना आत्ता सांगू नकोस, त्यांना अजून बऱ्याच सह्या करायच्यात. दुसऱ्या वेळी ते आपणहून करतील."

"आणि मी केलीच नसती तर?"

"ती म्हणाली होती, करतील. तू फक्त घाई करू नकोस."