चोवीस मणी

५ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. ताई म्हणाली, दोन दिवस लिहिशील आणि मग वही ठकीच्या चित्रांना देऊन टाकशील. तिचं म्हणणं खोटं पाडण्यासाठी तरी लिहिणार आहे.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या, जिना लाकडी. माझ्या सहा वर्षांच्या कन्यारत्नाने, ठकीने, आल्या आल्या तो जिना ताब्यात घेतला. दोन पायऱ्या उडी, थांबा, पुन्हा दोन उडी, थांबा. खालच्या मजल्यावरचे लवकरच भांडायला येणार. ताई आमच्याबरोबरच राहते, तिने मागच्या गल्लीत शिवणाचं दुकान लावलं आहे. ठकीचे बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, त्यांचा फोटो मी सगळ्यांत आधी भिंतीवर लावला.

लॅब जवळ आहे. घरातून निघून डावीकडे, औषधाचं दुकान, मग सरळ चढ, वर निळं फाटक. चालत बारा मिनिटं.

आणि काम! माणसाच्या कातडीचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशींना मागे नेऊन पुन्हा कोऱ्या करायच्या आणि त्या कोऱ्या पेशींपासून मेंदूच्या पेशींचे मोहरीएवढे गोळे वाढवायचे. लॅबमध्ये त्यांना मणी म्हणतात. विसरण्याच्या आजारावरची औषधं आधी या मण्यांवर तपासतात. पूर्वी मणी तयार व्हायला सहा-आठ महिने लागत. आमच्या मॅडमच्या नव्या पोषणद्रवात सहा आठवडे पुरतात. मला तर अजून खरं वाटत नाही की अशा ठिकाणी मला घेतलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

इथली एक पद्धत आहे. नवीन माणसाने पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या दंडाच्या कातडीचा तुकडा द्यायचा. आजारी माणसांच्या मण्यांशी ताडून पाहायला निरोगी मणी लागतात ना, ते आमचे. तुकडा दिला की नंबर मिळतो. मी सतरा. दुपारपासून सगळे मला नंबरानेच हाक मारताहेत, सतरा, चहा घेणार का, सतरा, दार लावा. ज्याचा ट्रे त्यानेच सांभाळायचा, खाऊ-पिऊ त्यानेच घालायचं. बारशाचा खर्च तेवढा वाचला.

दर गुरुवारी दुपारी विरळणी असते, म्हणजे चोवीस खणांच्या ट्रेमधून सहा मणी काढून फॉर्मॅलिनमध्ये टाकायचे, मग त्यांचे काप करून तपासायचे. विरळणीच्या खोलीत फोन न्यायचा नाही, दार आतून बंद. मॅडमचा हात इतका हलका आहे की बघत राहावं.

काचसामान धुणारे काका आहेत. प्रत्येक बशी तीनदा धुतात, उजेडात धरून बघतात आणि हसतात. बोलत नाहीत फारसे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना एका लहान मुलाचे मणी हवे होते. मी म्हटलं, आमची ठकी आहे की. आज तिला घेऊन गेले. दंडाला बधिर करायचं औषध लावलं, तिला कळलंसुद्धा नाही. चिकटपट्टीवर मांजराचं चित्र होतं म्हणून स्वारी खूश. ती अठरा नंबर. मूल लहान, म्हणून तिचा ट्रेही मीच सांभाळायचा. घरी ताई मात्र चिडली. म्हणाली, पोरीचं काही देण्याआधी घरात विचारायची रीत आहे. मला तिचा रागच आला. एवढ्याशा कातडीचं काय घेऊन बसलीस, असं म्हणून मी विषय संपवला.

२१ मार्च, गुरुवार

आज माझी पहिली विरळणी. त्याआधी ट्रे यंत्रावर ठेवतात, मण्यांमधली वीज पडद्यावर रेषेने दिसते. माझ्या पहिल्या रांगेतले सहा मणी एका तालात उसळत होते. तीन झटपट, एक लांब. तीन झटपट, एक लांब. मला हसूच आलं. ठकीला निजवताना मी तिच्या पाठीवर अशीच थोपटते, वर्षानुवर्षं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या की माणसाला ढगांतही चेहरे दिसतात.

तेच सहा मणी काढले.

२२ मार्च, शुक्रवार

काल ठकीला निजवताना गाणं आठवेना. शब्द नाही, चाल नाही, थोपटायचं कसं तेही नाही. हात तिच्या पाठीवर नुसता ठेवून बसले. ठकीनेच गाऊन दाखवलं. मी ते पहिल्यांदा ऐकत होते. थकवा असेल.

२८ मार्च, गुरुवार

आणखी सहा काढले. पडद्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळी ठकी कंगवा घेऊन समोर बसली आणि मला वेणी घालता येईना. केसांचे तीन भाग केले आणि पुढे काय ते माहीतच नाही. ठकीला वाटलं मी गंमत करतेय. ताईने वेणी घातली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला भीती वाटतेय. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

३० मार्च, शनिवार

काकांना गाठलं. ते बशा धूत होते. विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं आहात. ते विचार करत राहिले, मग हात पुसून मला इन्क्युबेटरपाशी घेऊन गेले. सगळ्यांत खालच्या कप्प्यात एक जुना ट्रे होता, नंबर आठ. एकवीस खण रिकामे.

"माझे तीन उरलेत," ते म्हणाले. "धुवायला पुरतात."

जेवताना इतरांकडून कळलं की ही लॅब काकांनीच उभी केली होती. मॅडम त्यांच्याच विद्यार्थिनी. थकले बिचारे, असं सगळे म्हणतात. मी डबा तसाच बंद केला.

२ एप्रिल, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. गाणं, वेणी, काका. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "नखं कापली म्हणून बोट दुखतं का गं?" विरळणी मीच करत होते म्हणून मनाने घेतलं, असं त्यांचं मत. आणि मग सहज सांगितलं की अठरा नंबरचे मणी तयार झालेत. गुरुवारी पहिले सहा काढायचे.

मी उठून बाहेर आले.

नोकरी सोडली तर दुसरं कुणीतरी काढेल. ट्रे पळवून घरी आणला तर इन्क्युबेटरच्या उबेशिवाय मणी दोन तासांत मरतील, आणि मग ठकीचं काय होईल याचा विचारही करवत नाही. ते मणी तिथेच राहायला हवेत, जिवंत, आणि कुणी हात लावता कामा नये.

दुपारी अठराचा ट्रे पडद्यावर लावून पाहिला. दोन उसळ्या, थांबा, दोन उसळ्या, थांबा. आमचा जिना. तिथेच रडले.

३ एप्रिल, बुधवार

मी चिठ्ठ्या बदलल्या. सतराची चिठ्ठी ठकीच्या ट्रेवर, अठराची माझ्या ट्रेवर. आता अठरा म्हणून जे जाईल ते माझं जाईल. मोजणीची नोंद मीच ठेवते, कुणाला कळणार नाही. सतराची चिठ्ठी लावलेल्या ट्रेला मी कधीही हात लावू देणार नाही. बारा उरलेत माझे. उद्या सहा जातील. जाऊ देत.

४ एप्रिल, गुरुवार

काढले. ठकी संध्याकाळी जिन्यावर तशीच उड्या मारत आली. दोन, थांबा, दोन. देवा, किती बरं वाटलं.

भिंतीवर एका माणसाचा फोटो आहे. ताईला विचारलं कोण. ताईने हातातलं शिवण खाली ठेवलं आणि मला जवळ घेतलं. विचारायला नको होतं, असं वाटतंय.

७ एप्रिल, रविवार

लॅबला ताई सोडते, ताईच आणते. रस्ता राहत नाही डोक्यात. काम मात्र होतं. हात आपोआप चालतात, मी फक्त बघते.

ठकीसाठी मी काहीतरी केलं होतं. काहीतरी महत्त्वाचं. काय ते —

वही मागे चाळायला घेतली होती. पहिल्याच दिवशीचं, ठकीच्या बाबांबद्दल लिहिलेलं, कुणा परक्या बाईचं वाटलं. पुढे वाचायची हिंमत झाली नाही. मिटून टाकली.

९ एप्रिल, मंगळवार

गुरुवारी अठराची दुसरी विरळणी आहे, मॅडम म्हणाल्या. अठरा म्हणजे ठकी. एवढं मला पक्कं माहीत आहे, हातावर लिहून ठेवलं आहे. अठरा — ठकी — हात लावायचा नाही.

मॅडमच्या पाया पडले. म्हटलं, माझा सगळा ट्रे घ्या, एकही मणी ठेवू नका, पण अठराला सोडा. त्यांना एका ट्रेमधले उरलेले सगळे मणी एकाच दिवशी हवेच होते, मोठ्या लोकांना दाखवायला. कबूल झाल्या. अठरा वर्षभर तसाच राहील. गुरुवारी सतराचे सगळे जातील — अर्धे मी काढायचे, दुपारी दोनला. अर्धे त्या, पाच वाजता.

१० एप्रिल, बुधवार

ठकीला मांडीवर घेऊन बसले. मोठी झालीस आता, पाय जमिनीला लागतात, म्हटलं. ती म्हणाली, मग मी तुला मांडीवर घेते.

उद्या ही कोण ते मला कळणार नाही. फार भीती वाटते. पण ती राहील. पूर्ण राहील. ताई आहे तिला —

११ एप्रिल, गुरुवार

झालं.

सतराचा ट्रे काढला. मोजले. चोवीस. इतके? कमी असायला हवेत असं वाटलं. पण माझ्या वाटण्याचा आता काय भरवसा.

पडद्यावर रेषा छान उसळत होती. दोन, थांबा, दोन. ओळखीची. कुठे ऐकली ते —

बारा काढले. उरलेले बारा मॅडम पाचला काढतील.

मला काहीच झालेलं नाही. घरी आले, ताई सोडून दुकानात गेली. काल जेवढं आठवत होतं तेवढं आजही आठवतंय. ठकीचं नाव आठवतं. मांडी आठवते. काहीच गेलं नाही. का नाही गेलं?

जिन्यावर पावलं. एकेक पायरी. उडी नाही.

दारात ठकी. आत येत नाही. माझ्याकडे बघतेय.

"काकू, तुम्ही कोण?" म्हणाली.

मागची पानं वाचतेय. सगळी वाचतेय. दोन एप्रिल. तीन एप्रिल — मी चिठ्ठ्या —

नाही.

बारा अजून आहेत. इन्क्युबेटरमध्ये. मॅडम पाचला — फोन लागत नाही, त्या आत गेल्या असतील — काकांना फोनच नाही —

ठकी कोपऱ्यात बसलीय. नाव विचारलं तर विचार करतेय. अजून विचार करतेय.

रस्ता. पहिल्या पानावर आहे. घरातून निघून डावीकडे, औषधाचं दुकान, सरळ चढ, निळं फाटक. बारा मिनिटं.

पाच वाजायला सात मिनिटं. धावले तर —