बाबांना ऐकू येतं का?

४ नोव्हें., न्युरेम्बर्ग
बाबांचा संशय येतोय. सासऱ्यांवर संशय घेणं बरं नव्हे, पण येतो. जेवताना कानातलं मशीन काढून ठेवलेलं. मी समीरला अगदी हळू म्हटलं, "भाजी अळणी झालीय." बाबांनी मीठ पुढे सरकवलं!

६ नोव्हें.
त्यांच्या पाठीमागे मुद्दाम कुकरचं झाकण पाडलं. ढिम्म हलले नाहीत. खालची बाई मात्र तणतणत वर आली, दुपारी रूहेत्साइट, शांततेची वेळ असते म्हणून. म्हणजे बहिरेपण खरं. मग मीठ?

९ नोव्हें., रवि.
इरा मोडक्या मराठीत आजोबांना लढाईचं विचारत होती. बाबा तोपखान्यात होते, कान तिथेच गेले. म्हणाले, "पूर्वेकडचं जंगल. तोफ चिखलात रुतायची. बांबू तोडून चाकांखाली घालायचे, दोर लावून सगळ्यांनी ओढायची. समोरची झाडं आधी पाडायची, नाहीतर गोळा फांदीवरच फुटायचा. मारा सुरू झाला की कुणाला काही ऐकू येत नसे. हवालदाराच्या ओठांकडे बघायचं, हुकूम कळायचा."
माझी पोळी तव्यावर करपली.
दोन आठवडे आम्ही त्यांच्यासमोर बसून बोलतोय. पुण्याच्या वृद्धाश्रमात जागा पक्की, बाबांना तिथे पोचल्यावरच सांगायचं, वगैरे. समीरला सांगितलं तर म्हणाला, "छे, काहीतरीच." पण चेहरा उतरला.
लाज वाटतेय. त्याहून जास्त भीती. कळलं असेल तर गप्प का आहेत?

११ नोव्हें.
आता तो विषय फक्त जर्मनमधून. समीरची आयडिया. गेनाऊ, अगदी बरोबर, फारच हुशार. बाबा पूर्वीपेक्षा जास्त बघतात. मी घास चावतानाही बघतात.

१४ नोव्हें.
शाळेतून आल्यावर इरा म्हणाली, "ममा, आजोबांनी मला तोंड करून दाखवलं. आवाज नाही, नुसतं तोंड. मी ओळखलं. प्फ्लेगेहाइम!"
"मग? तू काय सांगितलंस?"
"म्हातारे लोक राहतात ते घर."
"काय म्हणाले?"
"आख् झो, म्हणाले."
हे जर्मन 'अस्सं होय' त्यांनी कुठे उचललं देव जाणे. समीरला फोन केला. मीटिंगमध्ये आहे म्हणे. आहे की नाही, कोण जाणे. आज माझा कुणावरच विश्वास नाही.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी चहाला बाबा खुर्ची ओढून बरोबर आमच्या समोर बसले. मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी बंद केली.
"हं, बोला आता. मराठीत. आणि तोंड माझ्याकडे करून."
मी समीरकडे बघितलं. त्याने कप तोंडासमोर धरला होता.