फिकी पडलेली प्रवाळं

टाउन्सव्हिल

प्रिय टॅमसिन,

फोनवर मी दोन वाक्यांपलीकडे जात नाही अशी तुझी तक्रार असते, म्हणून हे पत्र. शिवाय फोन लावला की तुझी आई शेजारी येऊन बसते, आणि यातलं बरंचसं तिच्यासमोर बोलण्याजोगं नाही.

तिच्या काचेच्या टाकीतली मऊ प्रवाळं फिकी पडत चालली होती. अळंबीसारखं ते मोठं प्रवाळ आठवतं ना, तू शाळेत असताना तिने लावलेलं? ते तर पार धुवट चादरीसारखं झालं. खरं सांगायचं तर ती "रंग उडतोय, क्लाइव्ह" म्हणायला लागली, तेव्हा मला तो चांगला दिसत होता. पण प्रवाळांच्या बाबतीत रोझलिनशी वाद घालायची माझी टाप नाही. पुढे रंग खरंच उडाला. मी आपला पाण्याच्या मागे लागलो. मीठ तपासलं, भरतीच्या वेळी समुद्रावरून पिंपं भरून आणली, कंबर धरून बसलो. काडीचा फरक पडला नाही.

शेवटी प्रवाळं पाळणाऱ्यांच्या आमच्या क्लबातल्या नेव्हिलला बोलावलं. तू त्याला ओळखतेस, तोंडाने फटकळ, पण नजर पक्की. त्याने टाकीत हात घालून त्या प्रवाळाची कड बोटाने हलकेच उचलली. खालच्या बाजूला, सावलीत, जुना जांभळट तपकिरी रंग जसाच्या तसा होता. तो म्हणाला, "पाणी बिघडलं असतं तर सगळीकडून गेलं असतं. हे वरून भाजलंय. टाकीवरचा दिवा कुणी वाढवला?" मी म्हटलं, कुणीच नाही. त्याने रोझलिनचा फोन मागितला, कारण दिवा त्यावरूनच कमीजास्त होतो. आम्ही निम्म्यावर ठेवतो तो जवळजवळ पूर्ण होता.

क्लबात नवीन माणूस आला की रंग खुलावा म्हणून दिवा वाढवू नका, हे पहिल्या दिवशी बजावणारी तुझीच आई. मी तिच्याकडे पाहिलं. नेव्हिल चहासुद्धा न घेता गेला, इतकं त्याला कळलं. मग ती म्हणाली, "मला ती दिसत नव्हती. म्हणून थोडा थोडा वाढवत गेले."

डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांतली मधली नजर जाते आहे, कडेची राहील. गेलेली परत येणार नाही आणि मधली उरलीय ती किती टिकेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तिने लपवलं, कारण तुला कळलं तर तू आम्हाला उचलून पर्थला नेशील, आणि मला कळलं तर मी गाडीच्या किल्ल्या काढून घेईन. किल्ल्या मी काढून घेतल्याच. आता मी चालवतो आणि ती इंजिनाच्या आवाजावरून माझ्या चुका काढते.

दवाखान्यातून आल्यावर तिने मला दिवा निम्म्यावर आणायला सांगितलं. मी म्हटलं, राहू दे काही दिवस, तुला दिसतात तोवर. तर म्हणाली, "जिवंत आहेत ती. माझ्या डोळ्यांपायी त्यांनी का भाजून घ्यायचं?" मी मागच्या अंगणात जाऊन रडलो, टॅम. लाज नाही वाटत सांगायला.

प्रवाळांचा रंग हळूहळू परततो आहे. ती रोज विचारते आणि मी सांगतो. तपकिरी म्हटलं की चिडते. कसलं तपकिरी, चहासारखं की ओल्या वाळूसारखं? इतक्या वर्षांत मी नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहायला शिकतोय.

व्हिडिओवर तू तुझ्या तान्ह्या हॅमिशला दाखवतेस तेव्हा ती तोंड फिरवून बसते, म्हणून मागच्या खेपेला तुला राग आला आणि तू फोन ठेवलास. अगं, ती कडेच्या नजरेने त्याला शोधत असते. इतक्याशा पडद्यावर तो तिला सापडत नाही, म्हणून दर वेळी "तुझ्यावर गेलाय" एवढंच म्हणते. ती तुला बोलावणार नाही. नाताळला ये म्हणेल, तोवर पोरगं चालायला लागेल म्हणेल. तू नाताळची वाट पाहू नकोस. पुढच्या आठवड्यातच ये, आणि भर उजेडात, खिडकीपाशी, त्याला तिच्या मांडीवर दे. परवा तिने मला विचारलं, हॅमिशचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत. मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. ते तिने स्वतः पाहावं.

तुझाच,
बाबा