शेठच्या दाढा आणि जपानी लूम

भिवंडी,
८ मार्च १९९२

प्रिय दत्तूदादा,

सप्रेम जयभीम. दिघाशीला सगळी बरी आहेत ना? वहिनीचा खोकला गेला का? माझ्या साखरपुड्यातून तू न जेवता उठून गेलास, त्याला महिना झाला. दोन पत्रांना उत्तर नाही. म्हणजे तुझी तब्येत ठणठणीत असणार, कारण इतका राग धरायलाही अंगात ताकद लागते.

मी मजेत. धामणकर नाक्याच्या आमच्या कारखान्यात (मी जपानी शिकत होते तेव्हा "ही काय पोट भरायची भाषा न्हाय" म्हणाला होतास, आठवतं?) रामूशेठने जपानी लूम आणले. धागा तुटला की ते आपोआप थांबतात. पण हे तर कापसाचा तंतू उडाला तरी थांबायचे. शेठने मला कंपनीला जपानीत तक्रार लिहायला बसवलं. म्हणाले, "पयले घरचं लिव, मंग लूमचं. न्हायतर मानूस म्हनंल, कामापुरती आठवण आली." मग काय, शेठच्या दाढा थंड पाण्याला सेन्सिटिव्ह, त्यांच्या द्रौपदीबाई बोलण्याला सेन्सिटिव्ह, आणि अगदी शेवटच्या ओळीत लूम सेन्सिटिव्ह! शेठचं एका शब्दात भागतं, जपान्यांचं नाही. यंत्राला 'कांदो' (कांद्याशी संबंध नाही, शेठना तीनदा सांगितलं), दाढांना 'काबिन', मनाला 'कान्जुसेइ'. तीन दिवस शब्दकोश उपसून मी ज्याला त्याला आपापला शब्द दिला. एकही चुकला नाही, दादा.

महिन्याने पार्सल आलं. दाढांसाठी पेस्ट, द्रौपदीबाईंसाठी कागदी पंखा आणि चार पानं विचारपूस. लूमबद्दल अवाक्षर नाही! (बिचाऱ्यांना ते नुसतं स्नेहाचं पत्र वाटलं.) शेठच्या दाढा खूश, लूम मात्र बंदच, आणि माझ्या नोकरीवर टांगती तलवार. मग शेठच्या नकळत मी फक्त लूमचं लिहिलं. लगेच उत्तर आलं: अमुक स्क्रू अर्धा फेरा सैल करा. आता लूम झकास चालतात आणि माझी नोकरी पक्की झाली. एवढ्यातून मी एकच शिकले, कामाचं आधी लिहावं.

बाकी सगळं ठीक.

तुझी धाकटी,
शैला

ता. क. : कामाचं राहिलंच. लग्न १७ मेला आहे, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. साखरपुड्यात तुझे डोळे भरले आणि मी चारचौघांत तुला 'रडूबाई' म्हणाले. माझं चुकलं, दादा. तू आल्याशिवाय मी मांडवात पाऊल ठेवणार नाही.

आणखी एक : तू गेल्यावर मी किती रडले ते आईला विचार. येताना रुमाल दोन आण.