खुर्चीमागचा माणूस

बाबा, काल आपल्या अकोल्याच्या घरी एक पोरगी कॅमेरा घेऊन आली होती. समलिंगी लोकांच्या हक्कांच्या लढ्यावर माहितीपट करून राहिली म्हणे. तुमच्या स्टुडिओत जोडीनं फोटो काढायला येणाऱ्या मास्तर आणि फिटरचं तिला कुणी सांगितलं, कोण जाणे. मी म्हटलं, बस बाई, चहा घे, सांगते. सांगितलं, पण अर्धंच.

दर दिवाळीच्या पाडव्याला पहिला फोटो त्या दोघांचा. मास्तर अमरावतीहून गाडीनं यायचे, फिटर इथल्याच कापसाच्या जिनिंगमधले. नवराबायकोच्या फोटोत बायको खुर्चीत, नवरा मागे उभा, ही तुमची ठरलेली रीत. हे दोघं पाळीपाळीनं बसायचे, एका वर्षी हा, पुढच्या वर्षी तो. आई नाक मुरडायची. मीही एकदा फिदीफिदी हसले, तर तुम्ही केवढे डाफरलात, "काहून दात काढून राहिली वं? फोटो काढाले आले ते, तमाशा दाखवाले नाई!"

बासष्ट साली फिटर तापानं गेले. त्या पाडव्याला मास्तर एकटेच आले आणि खुर्चीत बसले. भर सकाळ, छताच्या काचेतून लख्ख उजेड. तुम्ही काळ्या कापडात डोकं घातलंत. कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर, डोकं खाली. तुम्ही बाहेर आलात ते घामाघूम होऊन. खुर्चीकडे पाहिलंत, पुन्हा आत गेलात, पुन्हा बाहेर. "मले दोघं दिसून राह्यले," तुम्ही पुटपुटलात. मास्तरांनी मान वळवली नाही. हळूच म्हणाले, "पोरीले पाहू द्या. तिचे डोये चांगले हायेत."

मी कापडाखाली जाते. पाहते. बाहेर येऊन म्हणते, "एकटेच हायेत." मास्तर "बरं" म्हणाले आणि फोटो न काढताच उठून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. तुम्हीही, डोळे गेले माझे, म्हणत कॅमेरा विकून टाकलात आणि मरेपर्यंत डोळ्यांत औषधाचे थेंब घालत बसलात. मी घालून द्यायची.

त्या पोरीलाही मी म्हटलं, बाबांना भास झाला. ही चिठ्ठी टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं लिहिते. भास नव्हता, बाबा. फिटर उभे होते, उलटे, खाकी सदऱ्यात, आणि माझ्याकडेच पाहून राहिले होते. भुताला मी भ्याले नाही. मला त्या दोघांची लाज वाटली.