जेवणाच्या सुट्टीतला अभ्यास

१८ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून डायरी. मोठी माणसं लिहितात. कामरानशेठचा मसाल्याचा नवा कारखाना जूनमध्ये सुरू होतोय, तिथे सुपरवायझर पाहिजे, दहावी पास. वीस वर्षं मी त्यांच्या मिरची वाळवायच्या पथारीवर मुकादम आहे. आठवी नापास, पण ती मास्तरची चूक. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म सप्टेंबरातच भरून टाकलाय. अख्ख्या नंदुरबारात मला अडवणारा कोण आहे?

२० नोव्हेंबर
पहाटे चारचा अलार्म सीमाने बंद केला. बायको आहे की दुश्मन? म्हणे, मीच झोपेत बंद केला. साफ खोटं.

२७ नोव्हेंबर
देठं खुडणाऱ्या बायांत धडगावकडची एक रमिलाबाई आहे. आश्रमशाळेत आठवीपर्यंत गेलेली. आज काम सोडून पेपरचा तुकडा वाचत बसली होती. असं झापलं तिला! इथे मिरची खुडायला येतेस की कलेक्टर व्हायला?
मग आयडिया आली. वाचायची एवढी हौस ना, तर जेवणाच्या सुट्टीत माझं गाईड मोठ्याने वाच. मी डोळे मिटून ऐकणार. डोळे मिटले की डोक्यात जास्त जातं.

१२ डिसेंबर
सायन्स निम्मं झालं. बाई अडखळत वाचते, कान किटले. मध्येच मला प्रश्न विचारते. म्हटलं, गप वाच. एवढ्यात सीमा डबा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर बोलली, ती वाचस नि तू घोरस! बाया फिदीफिदी हसल्या. हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवली आहेत.

६ जानेवारी
बोर्ड रंगवून आणला. वर 'सुपरवायझर', खाली 'श्री. ईश्वर माळी'. मेव्हणा भरत म्हणाला, दाजी, आधी पास तर व्हा. नालायक. जूनमध्ये त्याला तासभर गेटवर उभा ठेवणार.

३० जानेवारी
रमिलाबाईने गाईड घरी न्यायला मागितलं. दिलं. रोज ने-आण करायला मला जड होतं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
पहिला पेपर. शिस्त म्हणजे शिस्त. सकाळी पथारीवर राउंड मारला, हाताने मिरची चाळून पाहिली आणि तसाच थेट केंद्रावर गेलो. गेटवर रमिलाबाई! ओरडलो, कामावर कोण आहे? तिने हॉलतिकीट दाखवलं. तिनेही सप्टेंबरातच फॉर्म भरला होता. चोरटी! तीन महिने माझंच गाईड माझ्याच तोंडावर वाचत होती.
संतापाने डोळे चोळले. वीस वर्षांत पथारीवरच्या माणसाने जे कधी करू नये, ते केलं. आगीचा डोंब! निम्मा पेपर नळाखाली गेला. ती मात्र हाताला तेल चोळून, साबणाने धुऊन आलेली. मला आठवण करून द्यायला काय झालं होतं हिला?
बाकीचे पेपर सोपे आहेत.

१३ मे
निकाल. रमिलाबाई एकसष्ट टक्के. मी पाच विषयांत नापास. पेपर तपासणारा जळका असणार. शेठला ठणकावून सांगितलं, तिला शिकवलं मी. शेठ म्हणाले, मग तर बरंच झालं, तिलाच घेतो.

१६ जून
कारखाना सुरू झाला. शेठने माझाच बोर्ड मागवून घेतला. पेंटरने माझं नाव खरवडलं, 'सुपरवायझर' तसंच ठेवलं, खाली रमिलाबाईचं नाव घातलं. ती खुर्चीत, मी पोती मोजायला दारात. लाज वाटली. फार वाटली. कुणाला सांगणार नाही.
मला वाटलं, आता ही सूड घेणार. मी घेतला असता. ती म्हणाली, मुकादम, फेरपरीक्षा जवळ आलीय, उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत गाईड आणा, मी वाचते. फक्त डोळे उघडे ठेवा.
म्हटलं, मला वेळ नाही.

१७ जून
एक वाजता गेलो. डोळे उघडे ठेवले. डबा घेऊन आलेली सीमा म्हणते, दहाच मिनिटं.