नेव्हिलचा निळ्या धाग्याचा फ्लोट

फिस्कर्टन, ट्रेंटकाठ
३ फेब्रुवारी १९८७

ती. हेस्टरताईस,
धाकट्या विल्फचा सा. न. वि. वि.

तुझं कांद्याचं लोणचं पोहोचलं. बाटली शाबूत आली, पण झाकण कुणाच्या रागाने आवळलं होतंस? शेवटी पकड लावून उघडलं. डोरीन म्हणते, वन्संना म्हणावं, पुढच्या वेळी हात जरा सैल सोडा.

माझं काम बरं चाललंय. साळिंदराचा काटा, त्यावर बुचाचं पोट, वर रेशमी धाग्याची गुंडाळी, असे बाबांच्या काळचे, गळाच्या दोरीला बांधून पाण्यावर तरंगवायचे फ्लोट हल्ली हौशी लोकांना हवे असतात. पाण्यात टाकत नाहीत, काचेमागे ठेवतात. मी जुन्यावरून हुबेहूब नवा करतो आणि बुडाशी माझं अक्षर कोरतो. उगाच कुणी बाबांचा म्हणून विकायला नको.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेन्सबरोहून हेडली क्रॅग नावाच्या माणसाने एक मोडका फ्लोट पाठवलाय. असाच दुसरा करून द्या आणि मूळचा परत पाठवा, एवढंच लिहिलंय. काळं पडलेलं वार्निश मी खरवडलं आणि टोकाखाली निळा धागा निघाला. ताई, आईच्या लग्नातल्या रुमालाचा धागा! नेव्हिलदादाच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला बाबांनी बांधलेला. तसा दुसरा त्यांनी केला नाही. नेव्हिल बुडाला त्याच दिवशी हाही नदीत गेला, असंच आपण अडतीस वर्षं धरून चाललोय.

मग हा या माणसाकडे कसा? त्या सकाळी बंधाऱ्यावर नेव्हिलबरोबर आणखी कुणी होतं का?

नक्कल करून झाली. तपासायला अंगणातल्या पिंपात सोडली, तर सरळ उभी राहिली. मी टॉवेल घ्यायला वळलो, परत बघतो तर ती पाण्याखाली. मासा ओढतो तशी. पिंपात ना गळ, ना मासा. थोड्या वेळाने आपोआप वर आली. डोरीनला सांगितलं नाही. ती म्हणेल, वार्निशचा वास डोक्यात गेलाय.

येत्या रविवारी गेन्सबरोला जाऊन त्या माणसाला समोर बसवून विचारणार आहे. सरळ बोलला नाही तर पोलिसांत जाईन. तुला हे नाव ठाऊक असलं तर कळव.

लोभ आहेच, तो लोणच्यासारखा मुरू दे.
तुझा विल्फ


स्केग्नेस
५ फेब्रुवारी १९८७

चि. विल्फ यास,
हेस्टरताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी जाऊ नकोस. पुढचं नंतर वाचलंस तरी चालेल, पण जाऊ नकोस. त्या माणसाने काहीही केलेलं नाही.

हेडली मालवाहू होडीवर कामाला होता. मी सतरा वर्षांची होते, आमचं जमलं होतं, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. तो गुरुवारी हल बंदराला जायचा होता, दोन महिन्यांसाठी. त्याला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून बुधवारी संध्याकाळी नेव्हिलच्या पेटीतून सगळ्यात देखणा फ्लोट उचलला आणि त्याच्या हातात ठेवला. माझाच आहे म्हणून सांगितलं. वाटलं, नेव्हिलकडे ढीगभर आहेत. कळलंच तर त्याला हसत सांगेन, तो चिडेल, दोन दिवस मला चोरटी म्हणेल, संपलं.

गुरुवारी मी उठले तेव्हा नेव्हिल घरात नव्हता. पुढचं तुला माहीत आहे. लोकांनी सांगितलं, बंधाऱ्यावर वाकलेल्या विलोच्या झाडाच्या फांदीवर चढून तो काहीतरी शोधत होता. आदल्या दिवशी तिथेच गळ टाकून बसला होता, फ्लोट तिथेच अडकला असेल असं त्याला वाटलं असणार.

अंत्यविधीनंतर बाबा स्वयंपाकघरात म्हणाले, मी तो फ्लोट बांधलाच नसता तर पोर वाचलं असतं. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी बशा विसळत राहिले. बाबांनी पुन्हा धाग्याला हात लावला नाही, आणि मी त्यांना तसंच मरू दिलं. हेडलीची पत्रं न फोडता परत केली. त्याला कारण कधीच कळलं नाही.

नेव्हिल मला अजून दिसतो. बोलत नाही. पाठमोरा, पानं एकेक बाजूला करत असतो. मी ओरडून सांगते की तिथे नाहीये रे, आणि त्याला ऐकू जात नाही.

आता माझ्यावर माया ठेवायची की नाही, ते तूच ठरव.
हेस्टर


फिस्कर्टन
२ मार्च १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी रागावलो होतो म्हणून, नंतर भ्यालो म्हणून.

तुझं पत्र वाचून तीन दिवस मी तुझं नाव तोंडातून काढलं नाही. मग एक भयंकर गोष्ट कळली. मला हलकं वाटत होतं. मी गप्प राहिलो असतो तर सगळं तुझ्याच माथी राहिलं असतं, आणि मी कायमचा सुटलो असतो.

फ्लोट विलोत अडकलाय असं नेव्हिलला आपणहून वाटलं नव्हतं, ताई. त्याला ते मी सांगितलं होतं.

त्या दिवशी उजाडताना त्याने मला हलवून उठवलं आणि विचारलं, फ्लोट तू घेतलास का. मी घेतला नव्हता. पण महिन्यापूर्वी माझ्या हातून त्याचा एक फ्लोट मोडला होता आणि थोबाडीत खाल्ली होती. आठ वर्षांचा होतो. खरं सांगितलं तरी कोण मानणार? म्हणून म्हटलं, बंधाऱ्यावरच्या विलोत लटकलेला पाहिला, अगदी टोकाला. काही पाहिलं नव्हतं. त्याला घराबाहेर काढायला बोललो. त्याने माझं पांघरूण नीट केलं आणि गेला.

हे मी डोरीनलाही कधी सांगितलेलं नाही. जन्मभर हेच फ्लोट का करत बसलोय, असं ती विचारते, तेव्हा म्हणतो, छंद आहे.

माया राहिली असेल तर दोन ओळी लिही. नसेल तर कोरा कागद पाठव, मला कळेल.
विल्फ


स्केग्नेस
९ मार्च १९८७

चि. विल्फ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र जिन्यातच उभी राहून वाचलं. खोटं का लिहू? पहिल्यांदा संताप आला. एका आठ वर्षांच्या पोरावर. मग पायरीवरच बसले. शेजारची विनिफ्रेड विचारून गेली की काकू, पडलात का. म्हटलं, हो.

हेडलीला मी सगळं लिहिलं. तुझ्याबद्दल नाही, फक्त माझं. लगेच त्याचं उत्तर आलं. लिहितो की तो फ्लोट त्याने अडतीस वर्षं वापरला, पोरांना त्याच्यावर मासे धरायला शिकवलं, आणि आता त्याला मूळचाही नको आणि नक्कलही नको. हात लावायचा धीर होत नाही म्हणतो. मला वाटलं होतं, खरं बोलून ओझं उतरेल. उतरलं नाही रे. आणखी एका निरपराध माणसाच्या खांद्यावर गेलं. तेव्हा यापुढे आपण कुणालाही काही सांगायचं नाही. एकमेकांशी मात्र बोलायचं.

गुरुवारी सव्वादोनच्या गाडीने येते. डोरीनला म्हणावं, ताई नुसती भेटायला येतेय. दार उघडलंस की काही बोलू नकोस, आधी चहा टाक.

त्या आठ वर्षांच्या पोराला मी माफ केलंय. सतरा वर्षांच्या पोरीचं तू बघ.

तुझीच,
हेस्टरताई